निरोपाची पोंच

रुग्णालय म्हटलें म्हणजे क्ष-किरणांचें यंत्र, शस्त्रक्रियेचें दालन, प्राणवायूच्या नळ्या या गोष्टी सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. रोग्याच्या उशाशीं बसलेल्या परिचारिकेनें दुसऱ्या इमारतींत निजलेल्या डॉक्टरांस हांक मारावयाची ती कशी, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वास्तविक पाहतां औषध हाताशीं होतें, वैद्यहि जवळ होता, परंतु निरोप पोंचला नाहीं म्हणून रोगी दगावला, असे प्रसंग थोडे नसतील; त्यांची नोंद कोणी ठेविली नाहीं, इतकेंच.

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमध्यें पसरलेला वाळवें तालुका या प्रश्नाच्या विचारास फार सोयीचा आहे. तालुक्याचें ठिकाण इस्लामपूर. २०२५ मध्यें या गांवास ईश्वरपूर हें नांव देण्याचा निर्णय झाला. तथापि येथें सांगावयाचा वृत्तांत इस्लामपूर या नांवाखालींच घडला. पूर्वीं हा मुलूख सातारा जिल्ह्यांत मोडे. १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. आगगाडी गांवांतून जात नाहीं. पश्चिमेस नागपंचमीसाठीं प्रसिद्ध असलेलें बत्तीस शिराळें आहे. आणि उंसाच्या हंगामांत परजिल्ह्यांतून आलेले तोडणी-मजूर साखराळ्याच्या कारखान्याच्या आसपास कोप्या घालून जमिनीवरच पाठ टेकतात. मण्यार बहुधा रात्रींच चावते. तिचा दंश फारसा दुखत नाहीं; निजलेल्यास कित्येकदां जागहि येत नाहीं. पुढें पापण्या जड होतात, बोलणें अडखळतें आणि अखेर श्वास चालविणारे स्नायूच लुळे पडतात. अशा वेळीं प्रतिविष हवें, आणि वेळ पडली तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाचें यंत्र हवें. तें यंत्र चालविणाऱ्या माणसास रोगी दारांत येण्यापूर्वीं वर्दी मिळाली तर काम सोपें. रोगी आल्यावर त्यास शोधीत फिरावें लागलें तर अवघड.

या हांकेचा आधुनिक इतिहास १८५३ पासून सांगतां येतो. त्या वर्षीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल या लंडनमधील हार्ली स्ट्रीटवरच्या एका लहानशा शुश्रूषागृहाची व्यवस्था हातीं घेत होत्या. त्यांनीं ज्या सुधारणा मागितल्या त्यांत प्रत्येक मजल्यावर गरम पाणी आणि जेवण वर नेण्याचा पाळणा यांबरोबरच घंटांची एक योजना होती. रोग्यानें दोरी ओढली कीं घंटा परिचारिकेच्याच दाराबाहेर वाजावी, आणि वाजतांना त्या घंटेवरची झडप उघडून ती उघडीच राहावी, असें त्यांचें म्हणणें होतें. हेतु हा कीं, आवाज विरून गेल्यावरहि कोणीं बोलाविलें हें परिचारिकेस पाहतांक्षणींच कळावें. वरवर पाहतां ही क्षुल्लक युक्ति. परंतु तिच्यांत या साऱ्या विषयाचें मर्म आहे. आवाज करणें हें अर्धें काम. कोणीं हांक मारली, ती कोणासाठीं होती आणि तिला ओ मिळाली कीं नाहीं, याची खूण मागें उरणें हें दुसरें अर्धें.

त्याच वर्षीं हिंदुस्थानांत तारायंत्राची लांब पल्ल्याची ओळ टाकण्यास आरंभ झाला, आणि तिचा सूत्रधारहि एक डॉक्टरच होता हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. विल्यम ओशॉग्नेसी हा कंपनी सरकारचा शस्त्रवैद्य व कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील रसायनाचा अध्यापक. हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं त्यानें पटकीच्या रोग्यांचें रक्त तपासून त्यांतील पाणी व क्षार कमी होतात हें दाखविलें होतें. १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास हीं शहरें त्याच्या तारेनें जोडलीं गेलीं. तारेचा पहिला लाभ अर्थातच राज्यकर्त्यांस झाला. प्लेगाच्या सांथींत, १८९७ मध्यें, संसर्गजन्य रोगांचा कायदा झाला आणि कोठें किती माणसें लागलीं याचे आंकडे तारेनें वर जाऊं लागले. आंकडे वेगानें वर जात. मदत मात्र बैलगाडीनें खालीं येई.

याच काळांत डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें. १८८९ मध्यें ते या भागांत आले व १८९४ मध्यें त्यांचें मिशन रुग्णालय सुरू झालें. मिरज हें आगगाडीचें जंक्शन, आणि रुळांच्या कडेनें तारेचे खांब. त्यामुळें दूरच्या संस्थानिकाची तार मिरजेस लवकर येई. परंतु वाळव्याच्या शेतकऱ्यास प्रथम तारघर गांठावें लागे, आणि तार पोंचली तरी शेवटचा टप्पा शिपायाच्या पायांचाच. वेग वाढला तो मधल्या टप्प्याचा. दोन्ही टोंकें जुन्या जगांतच राहिलीं. १९४२ च्या लढ्यांत सातारा जिल्ह्यांत सरकारी तारा तोडल्या गेल्या, तरी भूमिगतांचे निरोप पायवाटांनीं चालतच राहिले, हा अनुभव येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. तेथें निरोप कोणाच्या हातीं द्यावयाचा हें माणूस पाहून ठरलेलें असे.

मुंबईंत दूरध्वनीचें केंद्र १८८२ मध्यें निघालें. तालुक्यांच्या गांवीं तो सुखानें बोलूं लागण्यास आणखी शंभर वर्षें जावीं लागलीं, ही गोष्ट पुष्कळांच्या विस्मरणांत गेली आहे. ट्रंक कॉल लावून घंटा केव्हां वाजेल म्हणून तासन् तास बसणें, घाई असल्यास अर्जंट आणि प्राणावर बेतल्यास लाइटनिंग कॉल मागणें, हा मध्यमवर्गीय घरांचा परिचित अनुभव होता. खेड्यापाड्यांस खरा उपयोग झाला तो १९८४ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेच्या छोट्या ग्रामीण केंद्रांचा. एकशें अठ्ठावीस जोडण्यांचें, गार हवेच्या खोलीवांचून चालणारें तें पहिलें केंद्र १९८६ मध्यें बेळगांवजवळच्या कित्तूरला बसलें. उकाडा, धूळ व लहरी वीज या आपल्या नित्याच्या परिस्थितीचा विचार करून घडविलेलें असें यंत्र विरळाच.

रुग्णालयाच्या भिंतींच्या आंत मात्र दूरध्वनीच्या शेजारीं एक जुनी वही ठाण मांडून होती. तिला कॉल-बुक म्हणतात. वॉर्डांतील निवासी डॉक्टरानें तींत रोग्याचें नांव, खाटेचा क्रमांक, तक्रार आणि वेळ लिहावयाची; वॉर्डबॉयनें ती वही घेऊन वरिष्ठांच्या शोधांत निघावयाचें; शस्त्रक्रियागृह, बाह्यरुग्ण विभाग, भोजनगृह असा फेरा घालून त्यांस गांठावयाचें; आणि वरिष्ठांनीं वाचून सही करावयाची. या पद्धतीस हंसणें सोपें आहे. वॉर्डबॉय वाटेंत कोणाशीं बोलत उभा राहिला तर दहा मिनिटें सहज जात. परंतु त्या सहींत एक गुण होता. निरोप मिळाला हें कोणास नाकारतां येत नसे, आणि पुढें चौकशी झाली तर दोष कोठें घडला हें वहीच सांगे. नाइटिंगेलबाईंची उघडी राहणारी झडप ती हीच, फक्त कागदावरची.

परदेशांत या वहीची जागा पेजरनें घेतली. १९५० मध्यें न्यूयॉर्कच्या डॉक्टरांसाठीं अशी सेवा निघाली, आणि १९५६ मध्यें लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत तें खिशांतील यंत्र वाजूं लागलें. हृदय थांबलेल्या रोग्यासाठीं सर्वांस एकदम बोलाविण्याची पद्धति पुढें रूढ झाली. पण ब्रिटनमध्यें रुग्णालयागणिक त्या हांकेचा क्रमांक निराळा असल्यामुळें बदलून आलेला माणूस ऐन वेळीं गोंधळे. अखेर २००४ मध्यें २२२२ हा एकच क्रमांक ठेवण्याची शिफारस करावी लागली. आपल्याकडे पेजर १९९५ मध्यें आला, त्याच वर्षीं मोबाईलहि आला, आणि थोड्याच वर्षांत धाकट्यानें थोरल्यास घराबाहेर घालविलें. ब्रिटनच्या आरोग्यसेवेंत मात्र २०१९ पर्यंत सुमारें एक लक्ष तीस हजार पेजर वापरांत होते व २०२१ अखेर ते बंद करण्याचा आदेश तेथील मंत्र्यांनीं दिला. तोंवर ते टिकले याचें कारण केवळ सनातनीपणा नव्हे. जाड भिंतींतून त्यांचा संकेत जाई, बॅटरी कित्येक दिवस पुरे. उणीव एकच, पण मोठी: तो एकतर्फी होता. वाजला कीं नाहीं, ऐकला कीं नाहीं, हें बोलाविणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता.

मोबाईलवरच्या व्हॉट्सॲप-गटांनीं ही उणीव भरून निघाली असें प्रथम वाटलें. खरें पाहतां तेथें नवीच अडचण उभी राहिली. निरोप वीस जणांस एकाच क्षणीं दिसतो आणि प्रत्येकास वाटतें कीं दुसरा कोणी तरी गेला असेल. निळी खूण वाचल्याची असते, पत्करल्याची नसते. शिवाय रोग्याचें छायाचित्र, त्याचा अहवाल, त्याचें नांव हें सगळें खासगी यंत्रांतून कोठें कोठें फिरत राहतें, हा वेगळाच विषय.

२३ मार्च २०२० रोजीं इस्लामपुरांत चौघांना कोरोनाची लागण झाल्याचें निदान झालें आणि थोड्याच दिवसांत बाधितांची संख्या विसाच्या वर गेली. रोग्यांस मिरजेस हलविलें. गांवाच्या सीमा बंद झाल्या. घरोघर चौकशी सुरू झाली. ज्या कायद्याच्या आधारें हें झालें तो १८९७ चाच होता. दोनच दिवसांनीं, २५ मार्चला, दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम केंद्र सरकारनें प्रसिद्ध केले, आणि दूरध्वनीवरून औषध सांगण्यास प्रथमच स्पष्ट चौकट मिळाली. पण वॉर्डाच्या दारांत सगळी यंत्रविद्या थबकली. नखशिखान्त पोषाख चढविलेल्या परिचारिकेस खिशांतील फोन काढतां येईना. मुखपट्टीआडचे शब्द कळेनात. कोण कोण आहे हें ओळखावें म्हणून माणसें छातीवर शाईनें आपलीं नांवें लिहूं लागलीं. देशोदेशींच्या रुग्णालयांत हेंच दृश्य होतें. कांचेआडून हातवारे करणें, कागदावर मोठ्या अक्षरांत औषधाचें नांव लिहून धरणें, या मार्गांनीं कित्येक रात्री निभावल्या गेल्या.

कोपींतील मजुरास मण्यार चावली तर त्याचा सोबती आतां १०८ फिरवितो. ही सेवा महाराष्ट्रांत २०१४ मध्यें ९३७ रुग्णवाहिकांनिशीं सुरू झाली. हांक प्रथम पुण्याच्या केंद्रांत जाते व तेथून परत फिरून जवळच्या रुग्णवाहिकेकडे येते. गाडींत डॉक्टर असतो. तो वाटेंतूनच पुढच्या रुग्णालयास कळवूं शकतो. वाळव्याची हांक पुण्यास जाऊन येते ती कांहीं क्षणांत, आणि तेथपर्यंत सर्व कांहीं नव्या युगास शोभेसें होतें. त्यापुढें रुग्णालयाच्या आंत, पुष्कळ ठिकाणीं, वॉर्डबॉय अजून वही घेऊनच निघतो. वहींत सही मिळते. सहीच्या शेजारीं वेळ लिहिण्याची जागा मात्र पुष्कळदां कोरी आढळते.