निकालाची प्रत

नवी मुंबईकरांना तळोजा पूर्वी कारखान्यांमुळे ठाऊक होते. आता ते मध्यवर्ती कारागृहामुळेही ठाऊक आहे. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी येथे कच्चे कैदी होते. ५ जुलै २०२१ रोजी, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, ते देवाघरी गेले. आज मात्र लिहावयाचे आहे ते शिक्षा झालेल्यांविषयी, ज्यांचे पुढील सारे आयुष्य अपिलावर अवलंबून असते.

अपिलासाठी आधी निकालाची प्रत हाती लागते. बनावट पदवी-प्रमाणपत्रांच्या प्रकरणी होस्कोट नावाच्या प्रपाठकाला मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली. चार वर्षांहून अधिक काळाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला व म्हणाला, प्रतच मिळाली नव्हती. १७ ऑगस्ट १९७८ रोजी न्या. कृष्ण अय्यर यांनी ठरवून दिले की, कैद्याला प्रत विनामूल्य व तत्काळ द्यावी, तशी त्याची लेखी पोच घ्यावी आणि तो निर्धन असल्यास त्याला वकील द्यावा. गंमत अशी की, होस्कोटचा स्वतःचा अर्ज फेटाळला गेला. लाभ झाला तो मागून येणाऱ्यांना. मोफत विधी साहाय्याचे तत्त्व १९७६ मध्येच संविधानात आले होते. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा मात्र प्रत्यक्ष अमलात येण्यास ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला.

तरीही नाशिकचे प्रकरण घडलेच. जून २००३ मध्ये तेथे एका कुटुंबातील पाच जणांची निर्घृण हत्या झाली. भटक्या जमातींतील सहा मजुरांना २००६ मध्ये फाशी सुनावली गेली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली; २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहाही जणांना दिली. त्यांतील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे कित्येक वर्षांनी निष्पन्न झाले. २०१८ मध्ये न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन अपिले पुन्हा ऐकली. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळेच इसम ओळखले होते आणि त्यांच्यावर खटलाच भरला गेला नव्हता, ही गोष्ट तेव्हा निर्णायक ठरली. ती कागदपत्रांत प्रथमपासून होती! ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर व न्या. शाह यांनी साऱ्यांची निर्दोष मुक्तता केली.

प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षांचा हिशेब मांडला, तर महिन्याला सुमारे २,६०० रुपये. न्यायालयाने तेवढे तरी दिले. कायद्याने तेही बांधील नव्हते. अशा भरपाईसाठी स्वतंत्र तरतूद करावी, असे विधी आयोगाने २०१८ मध्येच सुचविले होते.

कधी एखादी माता मिस्सानंतर थांबते व मुलाच्या वकिलासाठी कर्ज काढावे काय, असे विचारते. कोठडीतील व्यक्तीला विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तुरुंगातूनच अर्ज करता येतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. मी तिला आधी एवढेच विचारतो : निकालाची प्रत मुलाच्या हाती पडली का?