उकिडवे बसणे

गेल्या हिवाळ्यात नातवाला रायगड दाखवायला नेले. रोपवेने गेलो, हे आधीच कबूल करतो. (रोपवे 1996 साली झाला. त्याआधी शाळेच्या सहलींबरोबर पायऱ्या चढून किती वेळा गेलो, त्याची मोजदाद नाही.) राणीवशाचे चौथरे पाहताना वाड्यांना लागून असलेले शौचकूप त्याला दाखवले. पोरगा पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेला. म्हणाला, "आजोबा, इथे बसायचे कसे?" दाखवावे म्हणून बाजूच्या गवतात खाली बसायला गेलो, तर टाचा उचलल्या गेल्या आणि मागच्या मागे आपटलो! तो हसला, मीही हसलो. पण खाली येईपर्यंत मनात तेच घोळत होते.

आमच्या पोलादपूरकडच्या वाडीत उकिडवे बसणे ही काही शिकायची गोष्ट नव्हती. आई चुलीपुढे तशीच बसे. फाट्यावर एसटीची वाट पाहणारी माणसे तासन् तास तशीच बसत, आणि गाडी आली की कशालाही हात न टेकता उठत. तालमीतली बैठक तरी वेगळे काय करते? तेच बसणे आणि उठणे, फक्त मोजून.

या बसण्याचा इतिहास पुस्तकांपेक्षा हाडांत जास्त सापडतो. लाहोरच्या मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी 1893 साली पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांवर निबंध प्रसिद्ध केला. उकिडवे बसताना नडगीचे हाड घोट्याच्या हाडावर पुढून टेकते, आणि आयुष्यभर तसे बसणाऱ्याच्या हाडांवर तिथे लहान गुळगुळीत पैलू तयार होतात. पुढे जुन्या सांगाड्यांवर संशोधक हीच खूण शोधू लागले. गंमत म्हणजे मध्ययुगीन इंग्लंडच्या सांगाड्यांतही ती सापडते. म्हणजे साहेबाचे पूर्वजही आमच्या फाट्यावरच्या मंडळींसारखेच बसत असणार. खुर्ची घरोघरी पोचली ती फार नंतर.

आपल्याकडचे इनामगाव या संदर्भात हटकून आठवते. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्याखाली तोडत. (का, यावर तर्कच आहेत.) पण एक पुरुष चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात पाय दुमडून बसवलेला सापडला, आणि त्याची पावले शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा असा तर्क आहे. बसून पुरण्याचा मान मिळालेला माणूस!

ब्राझीलमध्ये 51 ते 80 वर्षांच्या 2,002 लोकांना जमिनीवर बसवून उठायला सांगितले होते. तो अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. हात-गुडघे जास्त टेकावे लागलेल्या लोकांत पुढच्या सहा-सात वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. बसता येत नाही म्हणून मरण येते असा याचा अर्थ नव्हे. पायांतले बळ, तोल आणि सांध्यांची लवचीकता या सगळ्यांची ती एकत्र परीक्षा आहे, आणि रायगडावर मी तीत नापास झालो होतो.

घरी आल्यावर डॉक्टरांना गुडघे दाखवले आणि त्यांच्या होकारानंतरच सुरुवात केली. (गुडघा बदललेल्या आमच्या बंधूंनी कृपया हे वाचून उत्साहात येऊ नये!) दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरायचे. पावले थोडी फाकवायची, गुडघे पावलांच्या दिशेने ठेवायचे आणि हळूहळू खाली जायचे. टाचांखाली जुन्या वह्यांची चवड. दुखले की तिथेच थांबायचे. पहिले पंधरा दिवस स्टुलाच्या उंचीपर्यंतच जात होतो. पोटऱ्या इतक्या आखडल्या आहेत हे मला आजवर कळलेच नव्हते.

सध्या चौकट धरून वीसपर्यंत आकडे मोजून होतात. चवडीतल्या दोन वह्या कमी झाल्या आहेत, तीन उरल्या आहेत. दिवाळीत नातू येणार आहे.