परसबागेचा पुरावा : ऋषीच्या भाजीतून दिसणारा मावळ

🧵 थ्रेड

१. भाद्रपद शुद्ध पंचमी, म्हणजे गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस. या दिवशी मावळातील अनेक घरांत एक भाजी शिजते. तिचा नियम एका वाक्यात सांगता येतो : बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही. नांगरलेल्या शेतातले धान्य ताटात येत नाही. घरामागे कुदळीने आणि खुरप्याने पिकवलेले, किंवा आपोआप उगवलेले, तेवढेच चालते. ती परसबाग बहुधा घरातील सर्वांत वयस्क बाईने राखलेली असते. आजचा थ्रेड तिच्या इतिहासाविषयी.

२. मावळच्या इतिहासाला साधनांची उणीव नाही. कार्ल्याच्या सातवाहनकालीन शिलालेखांत ‘मामाल’ हे नाव येते. ‘मावळ’चे ते जुने रूप मानले जाते. तेथील वळुरक लेण्यांतील भिक्षूंना करजिक गाव दिल्याची नोंदही त्याच दगडावर आहे. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना यांवर ग्रंथ लिहिले गेले. लोहगडावरची बाव नाना फडणवीसांनी बांधवली, हेही आपल्याला ठाऊक आहे. मात्र याच डोंगरांच्या पायथ्याशी, प्रत्येक घरामागे, पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या बागकामाविषयी कागद जवळजवळ गप्प आहेत. हे मौन कशामुळे?

३. उत्तराचा पहिला धागा ‘काळी’ आणि ‘पांढरी’ या जोडशब्दात सापडतो. जुन्या मराठी कागदांत गावाचे हे दोन भाग पडतात. काळी म्हणजे पिकाऊ जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा : घरे, देवळे, चावडी, गल्ल्या. राज्याचे उत्पन्न काळीतून येई, म्हणून राज्याची नजर काळीवर असे. परसबाग मात्र पांढरीत. ती पिकवते, पण शेत नव्हे. घराला लागून आहे, पण घरही नव्हे. हिशेब लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती दोन रकान्यांच्या मधोमध निसटली.

४. इंग्रजी अमलातही हा रकाना रिकामाच राहिला. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून सुरू केलेली मोजणी पुढे मुंबई इलाख्यात पसरली. जमिनीचे सर्व्हे नंबर पडले, प्रत ठरली, आकार बसला. गावठाणातील घराच्या जागेवर मात्र शेतसारा नव्हता. जिथे सारा नाही, तिथे पीकपाहणी नाही. पीकपाहणी नाही, म्हणून नोंद नाही. दप्तरात भात, नाचणी आणि वरी सापडतात. घरामागच्या मांडवावरचे पडवळ सापडत नाही.

५. तरीही एका प्रसिद्ध पत्रात ते क्षणभर दिसून जाते. १६७६ च्या सप्टेंबरात शिवाजी महाराजांनी कोकणातील प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पत्र पाठवले. ज्या कुणब्याजवळ बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसा द्यावा, पोटाला धान्य द्यावे, शेती उभी करून द्यावी, असे त्यात सांगितले आहे. रयतेच्या भाजीच्या देठाचाही लोभ धरू नये, अशी ताकीदही त्यात आहे. पहिली आज्ञा काळीची. दुसरी, माझ्या मते, पांढरीच्या फार जवळची. रयतेची भाजी हाताच्या अंतरावर असते आणि तिची नोंद नसते, म्हणून ती उचलणे अधिकाऱ्याला सर्वांत सोपे असते. ताकीद द्यावी लागली, त्याअर्थी ती उचलली जात असावी.

६. आता बागेत जाऊ. भाद्रपदाच्या सुमारास मघा सरून पूर्वा नक्षत्र लागते, पावसाचा जोर ओसरू लागतो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; पूर्वेकडे तळेगावपर्यंत येता येता तो झपाट्याने उतरतो. एवढ्या पावसात कोवळी पालेभाजी झोडपून निघते आणि मुळे कुजतात. त्यामुळे येथील बाग जमिनीवर पसरण्याऐवजी वर चढते. दोडका, घोसाळे, कारले, पडवळ मांडवावर, भोपळ्याचा वेल गोठ्याच्या किंवा घराच्या छपरावर, काकडी कुंपणाला. अळूला ओल प्रिय, म्हणून ते न्हाणीच्या सांडपाण्याजवळ. मुळा, मेथी, माठ यांचे वाफे पाऊस निवळल्यावर.

७. या आखणीत वयाचाही हिशेब आहे. आषाढात भातलावणीला घरातील सारी धडधाकट माणसे चिखलात उतरतात. पुढे बेणणीला पुन्हा खाचरात. ज्यांचे गुडघे खाचरातल्या चिखलाला नकार देतात, त्या घरी उरतात : नातवंडे, दुभते जनावर आणि परसबाग सांभाळायला. परसबागेचे काम थोडेथोडे आणि रोजचे असते. आळ्यात शेणखत घालणे, पानांवर चुलीतली राख भुरभुरणे, वेलाला वाट दाखवणे, तण उपटणे. बसून करता येते, मध्येच सोडून चहा ठेवता येतो. उतारवयातील श्रमांची ही एक नीट बसलेली व्यवस्था होती. तिला कोणी व्यवस्था म्हटले नाही, एवढेच.

८. पुन्हा ऋषिपंचमीकडे वळू. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने रचलेल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडात हे व्रत येते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या मते ते आरंभी सर्व वर्णांच्या सर्वच लोकांसाठी असावे. पुढे ते प्रामुख्याने स्त्रियांचे झाले. आज महाराष्ट्रात ते विशेषतः प्रौढ आणि वृद्ध स्त्रियांचे व्रत म्हणून ओळखले जाते.

९. प्रचलित व्रतकथेत एक बैल आहे. विदर्भातील एक ब्राह्मण जोडपे मरणोत्तर आपल्याच मुलाच्या घरी जन्माला येते : आई कुत्री होऊन, बाप बैल होऊन. मुलाला हे ठाऊक नसते. तो त्या बैलाला दिवसभर उपाशी राबवतो. रात्री गोठ्याजवळ दोघांचे बोलणे त्याच्या कानी पडते, आणि तो ऋषींना उपाय विचारायला जातो. बैलाच्या कष्टाचे न खाण्याचा नियम आणि आपण ज्याला राबवतो तो आपलाच बाप असू शकतो ही जाणीव, या दोन गोष्टी कथेत इतक्या लगत आहेत.

१०. कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आईला कुत्रीचा जन्म मिळतो तो विटाळ न पाळल्याबद्दल. व्रताचा उद्देश मासिक पाळीच्या काळातील ‘दोषा’चे क्षालन, असे ग्रंथ सांगतात. ज्या गोष्टीत कसलाही दोष नाही तिच्यासाठी शतकानुशतके स्त्रियांकडून प्रायश्चित्त करवून घेतले गेले. हा अन्याय होता, आणि भाजी रुचकर आहे म्हणून तो झाकू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही पाने उघडी ठेवावीत : एकावर ग्रंथाने लादलेला दोष, दुसऱ्यावर त्याच दिवसाच्या निमित्ताने टिकून राहिलेले बागेचे ज्ञान.

११. आता ताट पाहू. ऋषीच्या भाजीत घरोघर फरक असतो, तरी अळू, पडवळ, दोडका, काकडी, माठ, सुरण, लाल भोपळा, मक्याचे कणीस आणि ओले भुईमुगाचे दाणे ही नावे वारंवार येतात. सोबत वरीचे तांदूळ. काही ठिकाणी पाणथळीत आपोआप उगवणारे देवभात. यांपैकी काकडी, पडवळ, दोडका, अळू आणि सुरण ही आशियातील जुनी पिके. कार्ल्याचे चैत्यगृह कोरले जात असताना खालच्या वस्त्यांत यांतील काही नक्कीच शिजत असणार.

१२. लाल भोपळा, मका आणि भुईमूग यांची गोष्ट मात्र निराळी. ही तिन्ही अमेरिका खंडातील पिके. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्यानंतरच्या व्यापारातून अमेरिकेतील पिके भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली. मिरचीही त्याच वाटेने आली. म्हणजे हेमाद्रीच्या काळातील ऋषिपंचमीच्या ताटात मका, भुईमूग किंवा लाल भोपळा असणे शक्यच नव्हते. बागेच्या कडेचा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा आणि संध्याकाळी उमलणारा गुलबासही अमेरिकेचाच. गौरीसाठी आणला जाणारा तेरडा तेवढा अस्सल इथला.

१३. इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. ‘प्राचीन’ म्हणून जपलेल्या ताटात परदेशी भाज्या कोणी बसवल्या? तशी राजाज्ञा नव्हती, आणि शास्त्रार्थ करून कोणी निर्णय दिल्याचेही दिसत नाही. कोणीतरी अनोळखी बी घरामागे टोचून पाहिले असेल. वेल छपरावर गेला, पावसात टिकला, फळ महिनोन्‌महिने राहिले. पुढे नियम लावला तो साधा : बैल लागला का? नाही. मग चालेल. पिकाचे मूळ कुठले, हा प्रश्न त्या नियमात नव्हता. परंपरा जपणाऱ्या याच हातांनी परंपरा बदलली, आणि इतक्या सहज की बदल झाल्याचे कोणाला जाणवलेही नाही.

१४. याउलट, ज्या बागेची नोंद झाली तीही मावळाच्या वाटेवरच होती. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १८२८ मध्ये, पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचा अधीक्षक होता. पुढे तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. या बागेत औषधी आणि उपयुक्त वनस्पतींचे प्रयोग चालत. १८६५ मध्ये ती बंद झाली. गिब्सनने तेथील वनस्पतींची चित्रे काढून घेतली होती. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन केलेली आहेत.

१५. दापोडीच्या बागेचे आयुष्य चाळीस वर्षांहूनही कमी, तरी तिच्यावर ग्रंथ आहे. परसबागा शतकानुशतके टिकल्या, त्यांच्यावर ओळ नाही. आणि त्या सरकारी बागेतही एक मौन आहेच : ती अप्रतिम चित्रे काढणारा चित्रकार इंडो-पोर्तुगीज होता एवढे कळते, त्याचे नाव कळत नाही. अधीक्षकाचे नाव राहते, हाताचे राहत नाही. घरामागच्या बागेत अधीक्षक आणि हात एकच, म्हणून तिथे काहीच राहिले नाही.

१६. मग पुरावा शोधायचा कुठे? पवन मावळात माझी आजी राहते, वय पंचाहत्तरीच्या पुढे. तिच्याकडे पत्र्याच्या डब्यात, राखेत घोळवलेले घोसाळ्याचे बी असते. मी विचारले, “आजी, हे बी कुठून आणलंस?” ती म्हणाली, “सासूबाईंनी दिलं. त्यांना त्यांच्या माहेरून आलेलं.” त्यांचे माहेर नाणे मावळातले. म्हणजे हे बी डोंगर ओलांडून आले ते लग्नाच्या वाटेने. कागदोपत्री वंशावळी बापाकडून मुलाकडे जातात. बियांची वंशावळ सासूकडून सुनेकडे आणि माहेराकडून सासराकडे जाते. मी दोन वर्षे दप्तरे चाळत होतो. हा दुवा त्या डब्यात होता.

१७. हा पुरावा नाशवंत आहे. मावळच्या पाण्यावर शहरांचा हक्क फार पूर्वीपासून सांगितला गेला. टाटांच्या योजनेसाठी लोणावळ्याजवळ वळवण आणि शिरोता येथे पाणी अडले, आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईकडे निघाली. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. पुढे पवनेवर धरण झाले. मोबदल्याचे गणित नोंदीवर चालते. ज्याची नोंद नाही त्याची भरपाई कशी मागणार? आता गावठाणाभोवती बंगले उभे राहतात, त्यांच्यापुढे हिरवळ असते, आणि घोसाळ्याचा मांडव कोणाला शोभत नाही. ऋषीची भाजी पुण्या-मुंबईच्या मंडईत वाटा लावून विकत मिळते. तिला बैल लागला की ट्रॅक्टर, हे कोणी विचारत नाही.

१८. यंदा आजीला मांडवाखाली बसवत नाही. ती ओट्यावरून सांगते, मी वेल वर चढवतो. एक घोसाळे तिने तोडू दिले नाही. “ते बियाला ठेवलंय,” म्हणाली. ते वेलावरच वाळेल, आत जाळी धरेल, हलवले की वाजेल. या वर्षी डब्यावर मी चिठ्ठी लावणार आहे : कोणते बी, कोणी दिले, कोणत्या गावचे, कोणत्या साली धरले. चार ओळींची नोंद, पण या बागेची बहुधा पहिलीच.

१९. मित्रहो, किल्ले पाहायला जाल तेव्हा पायथ्याच्या घरांमागेही पाहा. आणि घरी आजी-आजोबा असतील तर या भाद्रपदात चार प्रश्न विचारा : बी कोणाकडून आले, कधी पेरता, कशात ठेवता, पूर्वी काय लावत होतात जे आता नाही? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. राज्याने ज्या रकान्यात काही लिहिले नाही तो रिकामा आहे. भरायला मनाई नाही.

(थ्रेड समाप्त. तुमच्या घरच्या ऋषीच्या भाजीत काय काय पडते, ते गावाच्या नावासह खाली लिहा.)