‘आमच्या बापा’ : एका प्रार्थनेचा इतिहास



आमच्या ख्रिस्तमंदिराच्या भिंती कोणीं बांधल्या, घंटा कोणीं दिली, हें सांगण्याची महोत्सवाच्या पुस्तिकेंत वहिवाटच आहे. आम्ही मात्र येथें, चुनादगडावांचून प्रत्येक घरीं तिन्हीसांजेस उभी राहणारी जी वास्तु, तिचा थोडा इतिहास सांगूं इच्छितों. ती म्हणजे प्रभूनें स्वतः शिकविलेली प्रार्थना होय.

शुभवर्तमानांत ती दोन ठिकाणीं आढळते. संत मत्तय ती डोंगरावरील प्रवचनांत देतो. संत लूक सांगतो कीं, एका शिष्यानें विनंती केल्यावरून प्रभूनें ती शिकविली. देवास पिता म्हणणें इस्राएल लोकांस अपरिचित नव्हतें. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांत तें आहे. परंतु गेथसेमनी बागेंत, मरणाच्या आदल्या रात्रीं, प्रभूनें ‘अब्बा’ अशी हांक मारिली. हा लेकरांनीं घरांत उच्चारावयाचा अरामी शब्द. संत मार्कानें तो मूळ भाषेंतच जपून ठेविला; आणि संत पौलानें रोमकरांस व गलतीकरांस लिहिलें कीं, तीच हांक पवित्र आत्मा आमच्या अंतःकरणांतून उठवितो. तेव्हां ती आमच्या हक्काची नव्हे, पुत्राकडून मिळालेली देणगी होय.

आरंभींच्या ख्रिस्तसभेनें ही देणगी फार जपली. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ ह्या प्राचीन ग्रंथांत ती दिवसांतून तीनदां म्हणण्याची आज्ञा आहे. संत ऑगस्टीन हिप्पो येथें स्नानसंस्काराच्या उमेदवारांस ती त्या संस्काराच्या थोडे दिवस आधीं विधिपूर्वक सोंपवीत असत. आजही मिस्सामध्यें तिच्यापूर्वीं धर्मगुरु जें बोलतो, त्याच्या लॅटिन पाठांत ‘आम्ही धाडस करितों’ असा भाव आहे. ज्या शब्दांचें त्या लोकांस धाडस वाटे, ते आम्ही जांभई देत म्हणून टाकितों!

पण ह्या प्रार्थनेंतील ‘आमच्या’ हा पहिला शब्द सर्वांत जड आहे. इ. स. २५० च्या सुमारास सम्राट डेसियसच्या छळांत पुष्कळ ख्रिस्ती डळमळले. छळ ओसरल्यावर, पडलेल्यांस परत घ्यावें कीं नाहीं ह्यावरून कार्थेजची ख्रिस्तसभा दुभंगली. त्याच सुमारास तेथील बिशप संत सिप्रियन ह्यांनीं ह्या प्रार्थनेवर ग्रंथ लिहिला. प्रभूनें ‘माझ्या बापा’ असें म्हणावयास न शिकवितां ‘आमच्या’ म्हणावयास शिकविलें, हें त्यांनीं निक्षून दाखविलें. आणि जो भावाशीं वैर धरितो त्याचें अर्पण देव स्वीकारीत नाहीं, असेंही बजाविलें. पुढें २५८ सालीं ते रक्तसाक्षी झाले.

आमच्या भाषाप्रांतीं ही प्रार्थना रुजविणाऱ्यांत येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स प्रमुख होत. ते जन्मानें इंग्लिश. १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं निघालें. १६१९ सालीं ते वारले, आणि १६२२ सालीं त्यांची कोंकणी धर्मशिक्षणाची पुस्तिका रायतूर येथें छापली गेली. लेंकराने बापास आपल्या घरच्या बोलींत हांक मारावी, हें त्या परदेशी गुरूनें ओळखलें होतें. मिस्सामध्यें मात्र ती पुष्कळ काळ लॅटिनमध्यें धर्मगुरूच म्हणत. १९६४ सालच्या रोमच्या सूचनेनें लोकांस ती त्यांच्यासह स्वभाषेंत म्हणण्याची मुभा मिळाली. तोंवर कित्येक घरांत ती आपल्या बोलींत जिवंत ठेविली ती जपमाळ हातीं घेतलेल्या आज्यांनीं.

आमच्या सेवाकाळांत आम्हीं एक दृश्य पाहिलें आहे. शेताच्या बांधावरून तुटलेले दोन सख्खे भाऊ दर रविवारीं मंदिराच्या दोन बाजूंस बसत. दोघेही ‘आमच्या बापा’ म्हणत. एकमेकांकडे पाहात नसत. आम्ही वर्षानुवर्षें वेदीवरून तें पाहात राहिलों आणि भीडेपोटीं बोललों नाहीं. पुढें एकाच्या प्रेतयात्रेंत दुसरा ढसढसां रडला. तो दोष आमच्याही पदरीं आहे, म्हणून आज लिहितों.

महोत्सवाचे दिवे दोन दिवसांत उतरतील. ज्याचें ज्याच्याशीं बोलणें बंद आहे त्यानें त्यापूर्वीं त्याचा उंबरठा ओलांडावा, आणि त्या घरीं दोघांनीं मिळून ही प्रार्थना एकदां सावकाश म्हणावी. एका बापाचीं लेंकरें एका पंक्तीस बसलीं, तरच हा महोत्सव साजरा झाला असें आम्ही समजूं.