मराठीतील रहस्यकथा-मासिके : अल्पायुष्याची कारणमीमांसा

प्रस्तावना :
मराठी नियतकालिकांच्या इतिहासात 'करमणूक', 'मनोरंजन', 'सत्यकथा' यांना मानाचे स्थान लाभले. रहस्यकथांना वाहिलेल्या स्वस्त मासिकांची मात्र उपेक्षाच झाली. ही मासिके दीर्घकाळ का टिकली नाहीत, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

विषय विवेचन :
गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांच्या रूपांतरांतून रहस्यप्रिय वाचक घडविला. पुढे बाबूराव अर्नाळकर (चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे 'झुंझार', 'काळापहाड' हे नायक सुट्या, स्वस्त पुस्तकांतून घरोघरी पोहोचले. मासिकांच्या अडचणीचे मूळ येथेच आढळते. अमेरिकेत १९२० साली निघालेले 'ब्लॅक मास्क' १९५१ पर्यंत चालले. डॅशिएल हॅमेट यांची कथा तेथे प्रथम मासिकात येई, नंतर पुस्तकरूप घेई. मराठी वाचकाला मात्र आवडता नायक थेट पुस्तकातच भेटत होता. त्यासाठी मासिकाची वर्गणी भरण्याची निकड नव्हती.

दुसरी स्पर्धा दिवाळी अंकांची होती. १९४६ साली 'हंस' सुरू करणाऱ्या अनंत अंतरकरांनी 'नवल'मधून अद्भुत व रहस्यमय कथेला प्रतिष्ठा दिली. 'धनंजय' हा तर रहस्यकथांचा दिवाळी अंक म्हणूनच ओळखला गेला. कादंबरी पुस्तकाकडे आणि कथा दिवाळी अंकाकडे गेल्यावर मासिकासाठी फारच थोडी जागा उरली, असे अनुमान काढता येते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे एस.टी.च्या विस्ताराबरोबर अकोल्यासारख्या तालुक्याच्या गावांचा शहरी छापखान्यांशी संबंध दृढ झाला. प्रवासात वाचून टाकून द्यावयाचे हे साहित्य जतन करण्याची गरज मात्र कोणास भासली नाही. ग्रंथालयांना प्रती देण्याविषयीच्या १९५४ च्या कायद्यात १९५६ साली नियतकालिकांचाही समावेश झाला. परंतु दोन-चार अंकांत बंद पडणाऱ्या मासिकाच्या प्रकाशकाकडून त्याचे पालन होणे अवघडच होते.

समारोप :
सामान्य माणूस फावल्या वेळी काय वाचत होता, हे अभिजात ग्रंथांवरून कळत नाही. ते या जीर्ण अंकांतील कथांवरून, जाहिरातींवरून आणि किमतींवरून कळते. ग्रामीण वाचनालयांतील व घरांच्या माळ्यांवरील असे अंक रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची नोंद करणे, हे महाविद्यालयीन संशोधकांचे तातडीचे कर्तव्य आहे.