महालातल्या किचनखाली काय काय आहे

नागपूरच्या महालात किंवा इतवारीत जुन्या घराचं किचन नवं करायचं ठरलं, की पहिला घण फरशीवर पडतो. वर चकचकीत टाइल, तिच्याखाली मोझॅक, मग शहाबादी आणि तळाशी कधीकाळी शेणानं सारवलेली जमीन. सगळ्याच घरांत चारही थर नसतात, पण क्रम सहसा हाच.

शहराचा आपला दगड काळा, बेसाल्ट. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. भोसल्यांचा राजवाडाही काळ्या दगडाचा आणि भरपूर लाकडी कोरीवकामाचा होता. १८६४ साली तो जळाला. पण बेसाल्ट घडवणं कष्टाचं. साध्या घरात तो जोत्याला लागे आणि पाटा-वरवंट्याला. जमीन मातीचीच.

१८६७ साली नागपुरात रेल्वे आली. बैलगाडीतून लांबून फरशी आणणं कुणाला परवडलं असतं? रेल्वेनं ते गणित बदललं. शहाबाद हे कलबुर्गी जिल्ह्यातलं, रेल्वेमार्गावरचंच गाव. तिथला चुनखडक मुळातच सपाट थरांत निघतो, घडाई कमी लागते. म्हणून तो राजवाड्यापेक्षा सैपाकखोलीला जास्त मानवला.

तेव्हा सैपाक बसून व्हायचा. भाजी चिरणं, कणीक मळणं, पंगत वाढणं, सगळं जमिनीवर. म्हणजे फरशी हाच ओटा! आपण फरशीचा रंग बघतो. तिच्यावर बसणारी बाई ती उन्हाळ्यात गार आहे का आणि पाणी ओतून धुता येते का, हे बघत असणार.

मग स्टोव्ह आला, गॅस आला, आणि बाई उभी राहिली. हा बदल मला टाइलपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. दगडही तिच्यासोबत वर चढला. आंध्रातला काळा कडाप्पा ओट्यावर बसला. तोही चुनखडकच, त्यामुळे लिंबू, चिंच, संत्र्याचा रस सांडला की आम्ल दगड खातं आणि पांढुरका चट्टा पडतो. ग्रॅनाइटला असल्या आम्लाचा फारसा त्रास होत नाही. सावजी रश्शाच्या शहरात ओट्यावर ग्रॅनाइट जिंकला, यात फक्त फॅशन नाही.

म्हणून जुनं ते सगळं ठेवा, असं मी म्हणणार नाही. ओटा ग्रॅनाइटचा खुशाल करा. भिंतीचं मात्र वेगळं आहे. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. जमिनीतून चढलेली ओल ती हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि छतापर्यंत टाइल चढवली, की ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत दुसऱ्याच खोलीत पोपडे धरतात. टाइल शेगडी-सिंकमागे पुरे. बाकी भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच हात द्यावा. तो करणारा मिस्त्री शोधावा लागतो, ही खरी अडचण.

शहाबादी फोडण्याआधी एक कोपरा घासून बघा. वर्षानुवर्षांच्या तेलकट थराखाली दगड बहुतेक शाबूत असतो. पॉलिश करून, सांधे भरून तो पुन्हा वापरता येतो. काढायचाच झाला तर अख्खा काढा, अंगणात कामी येईल.

आणि ओट्याची उंची? ती मिस्त्री सवयीनं ठरवतो. त्याला थांबवा, आणि तिथं रोज उभं राहणाऱ्या माणसाच्या कोपरापासून टेप लावा.