आल्प्सची सहल आणि पाण्याखालचे गाव

२६ जून १८६३ रोजी लंडनहून एक प्रवासी मंडळी स्वित्झर्लंडकडे निघाली. टॉमस कुक या इंग्रज गृहस्थांनी आखलेली ती त्या देशाची पहिली मार्गदर्शित सहल होय. आगगाडी, आगबोट, घोडागाडी, खेचर आणि पायपीट असा प्रवास करीत ही मंडळी जिनिव्हा, शामोनी, गेम्मीचा घाट, इंटरलाकेन, ग्रिंडेलवाल्ड, ल्युसर्न असे करीत रिगीच्या माथ्यावर सूर्योदय पाहावयास पोहोचली. त्यांच्यातील जेमायमा मोरेल या तरुणीने प्रवासाची रोजनिशी ठेवली होती. पुढे ती हरवली, दुसऱ्या महायुद्धानंतर सापडली आणि सहलीच्या शताब्दीस, १९६३ साली, प्रसिद्ध झाली. आल्प्समधील सहलींचा इतिहास सांगताना आजही तिचाच आधार घेतात.

वाटाड्या घेऊन प्रवास करणे आपणांस नवे नव्हते. पंढरीच्या दिंडीला शिस्त लावणारा चोपदार आणि काशीला यात्रेकरूंच्या पिढ्यांची नोंद वहीत ठेवणारा पंडा हे त्याच जातीचे व्यवस्थापक. फरक हेतूचा होता. आपला यात्रेकरू देवाला भेटावयास जाई, तर कुकची मंडळी केवळ डोंगर पाहावयास निघाली होती.

त्या काळी आल्प्सच्या खोऱ्यांत मोठे दारिद्र्य होते. शेते तुटपुंजी, हिवाळा दीर्घ. कित्येक कुटुंबांनी गाव सोडून अमेरिकेची वाट धरली होती. प्रवासी येऊ लागले तसे गुराखी आणि शिकारी वाटाडे झाले. बर्न परगण्याने १८५६ सालीच वाटाड्यांसाठी नियम केले होते. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नचे शिखर प्रथम सर झाले, पण उतरताना दोर तुटून सातांपैकी चौघे दगावले. वाचलेल्या तिघांत झेरमॅटचे दोन वाटाडे होते, टाउगवाल्डर नावाचे बापलेक. दोर कापल्याचा संशय बापावर घेतला गेला. चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी बोलणे थांबले नाही. एडवर्ड विम्पर या इंग्रजाचे नाव मात्र जगभर झाले. पाहुण्याची कीर्ती आणि यजमानाचा विसर ही सहलींच्या इतिहासातील जुनीच रीत आहे.

पुढे लोखंडी वाट डोंगरावर चढली. रिगीची दातेरी रुळांची गाडी १८७१ साली धावू लागली, गोठार्डचा पंधरा किलोमीटरचा बोगदा १८८२ साली वाहतुकीस खुला झाला आणि १९१२ साली युंगफ्राउयोखचे ३४५४ मीटर उंचीवरचे स्थानक सुरू झाले. आपल्याकडेही त्याच सुमारास, १८८० नंतरच्या दशकात, कॅसलरॉकहून दूधसागराच्या अंगाने गोव्यात उतरणारी घाटातील रेल्वे बांधली गेली. पण ती मुरगाव बंदराच्या व्यापारासाठी होती, देखावा पाहण्यासाठी नव्हे.

मराठी माणूस आल्प्सला समूहाने जाऊ लागला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९८४ साली केसरी पाटील यांनी स्थापन केलेल्या संस्थेसारख्या मराठी सहल-संस्थांनी परदेश मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला. मायबोलीत बोलणारा व्यवस्थापक आणि ताटात वरणभात मिळाल्याने परमुलुखाची धास्ती गेली. आज बेळगाव-पुण्याकडे स्थायिक झालेली आपल्या घराण्यांतील मुलेही टिटलिसच्या बर्फात काढलेली छायाचित्रे गावी पाठवितात.

त्या छायाचित्रांत एखादे तळे असते आणि मागे एखादे टुमदार गाव. या दोहोंबद्दल जोयड्याच्या माणसाने थोडे अधिक विचारले पाहिजे.

झेरमॅटहून सेंट मॉरिट्झला जाणारी ‘ग्लेशियर एक्सप्रेस’ १९३० सालापासून धावते. वाटेत आंडरमाट लागते. हे गाव आज दिसते ते योगायोगाने नव्हे. विजेसाठी उर्सेरेन खोऱ्यात प्रचंड जलाशय करण्याची योजना होती. त्यात आंडरमाटसह होस्पेंटाल आणि रेआल्प ही गावे बुडणार होती. फेब्रुवारी १९४६ मध्ये ग्रामस्थांनी योजनेच्या अभियंत्याला अक्षरशः गावाबाहेर घालवून दिले. पुढे ती योजना बारगळली.

मार्मोरेराचे तसे झाले नाही. युलियर घाटाच्या रस्त्याने सेंट मॉरिट्झकडे जाताना एक निळे तळे लागते. प्रवासी तेथे थांबून दृश्याची वाहवा करतात. ते तळे झुरिक शहराच्या विजेसाठी बांधलेल्या धरणाचे आहे. १९४८ साली त्या चिमुकल्या गावाने मतदान करून धरणाला संमती दिली. १९५४ साली धरण पुरे झाले. घरे पाडली गेली, स्मशानातील अस्थी काढून वरच्या अंगाला नव्याने पुरल्या गेल्या. जुन्या गावातील थोडीच माणसे नव्या वसाहतीत राहिली.

हे वाचताना आपल्यातील वयोवृद्धांना सुपा आठवल्यावाचून राहणार नाही. काळी नदीवर गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे धरण झाले, १९८७ साली ते पूर्णत्वास गेले आणि तालुक्याचे जुने ठाणे पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्यास आल्या, विस्थापितांतील अनेकांना रामनगर येथे वसविण्यात आले. आंडरमाटने नकार दिला, मार्मोरेराने होकार दिला. आपल्याकडे १८९४ चा भूसंपादन कायदा होता, आणि त्यात गावाच्या संमतीची अटच नव्हती. त्या विजेने राज्यातील घरे उजळली हे खरेच. पण ती कोणाच्या अंगणाच्या मोबदल्यात, हेही तितकेच खरे.

आता आपल्याकडेही सहली येतात. २०१५ पासून ‘काळी’ हे नाव धारण करणारा व्याघ्र प्रकल्प, गणेशगुडीच्या खालच्या अंगाला धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालणारे नौकानयन आणि उळवीचे देवस्थान यांसाठी माणसे दुरून येतात. धरणामागचा विस्तीर्ण जलाशय पाहून ‘अगदी स्वित्झर्लंड!’ असे उद्गारही निघतात. त्या उद्गारात बोलणाऱ्याला ठाऊक नसलेले सत्य आहे, कारण मार्मोरेराही तेथलेच.

म्हणून प्रश्न उरतो तो वाटाड्याचा. येणाऱ्या पाहुण्याला पाण्याची खोली कोणीही सांगेल. सुप्याचा बाजार कोठे भरे, पालखी कोणत्या वाटेने जाई, कोणत्या घराण्याचे वाडे कोणत्या आळीत होते, हे सांगू शकणारी पिढी मात्र आता थकत चालली आहे. जेमायमाची रोजनिशी जपली गेली म्हणून एका सहलीचा इतिहास उरला. आपल्या घरोघरी जुने दस्तऐवज, जमिनीचे उतारे, लग्नपत्रिका आणि आजी-आजोबांच्या आठवणी आहेत. त्या या पावसाळ्यातच लिहून काढाव्यात आणि मंडळाकडे द्याव्यात. पुढच्या सहलीला जलाशय दाखविणारा मुलगा बहुधा आपल्याच घरातला असेल. त्याला सांगण्यासारखे काही आपण त्याच्या हाती दिलेले असावे.